वडील गेले, आता पेन्शनचं काय? मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाला उत्तर

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील तोफखान्यातून २००९ साली २१ वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गेल्या महिन्यात ५६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. आई घरीच असते, शाळा चौथीपर्यंत. बहीण यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तुम्ही २४ वर्षांचे, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. थोरले चुलतेही फौजेत होते, पण ७ वर्षांनी १९८५ साली परत आले. आज वय ६७, पेन्शन नाही. तुमचा प्रश्न असा की, "सरकारकडून आम्हाला काय काय मिळतं आणि कुठं जायचं?"

मी स्वतः सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पुढे १३ वर्षं सैनिक कल्याणाच्या कामात कल्याण संघटक होतो. आपल्या जिल्ह्यातले अकराही तालुके त्या काळात पायाखालून गेले. एवढ्या वर्षांत योजनेअभावी कोणी उपाशी राहिलेलं मी फारसं पाहिलं नाही. कागदावरची दोन नावं जुळत नाहीत म्हणून वर्ष-वर्ष हात हलवत बसलेल्या बायका मात्र खूप पाहिल्या. म्हणून कुठली योजना हे नंतर बघू, आधी कागद.

त्याच्याही आधी एक गोष्ट. वडिलांचं एटीएम कार्ड घरात कोणाकडे असेल तर ते आईच्या ट्रंकेत ठेवा आणि त्या खात्याला हात लावू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची मिळते, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन सुरू होते. मृत्यूची खबर वर पोचेपर्यंत वडिलांच्या नावाने पेन्शन जमा होत राहते आणि "दहाव्या-तेराव्याचा खर्च आहे" म्हणत पोरं ती काढतात. पुढे ती रक्कम आईच्या फॅमिली पेन्शनमधून वळती होते, शिवाय प्रकरणाला एक शेरा चिकटतो तो वेगळाच. खातं आई-वडिलांचं संयुक्त असेल तर पुढचं काम बरंच सोपं जातं. तरीही जादा जमा झालेले पैसे तसेच राहू द्या.

आता कागद. ग्रामपंचायतीतून मृत्यूच्या दाखल्याच्या किमान पाच-सहा प्रती घ्या. मग वडिलांचं डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आईचं आधार, पॅन, पासबुक आणि बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला एका चटईवर पसरून ठेवा आणि आईचं नाव प्रत्येक कागदावर बोट ठेवून वाचा. अक्षर न् अक्षर वाचा. जन्मतारीखही वाचा.

हे एवढं ताणून सांगतो, कारण आपल्या सोलापुरात नावांचा घोळ इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घरी कानडी बोलतात. तिथली बाई माहेरी नीलव्वा, सासरी नीलाबाई आणि आधारच्या शिबिरात पोराने सांगितलं तशी निलम्मा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घरनाव आधी सांगायची पद्धत. भरतीच्या वेळी कारकुनाने तेच पहिलं नाव म्हणून उतरवलं आणि माणूस २० वर्षं आडनावाच्या नावाने फौजेत राहिला. मराठी घरांत लग्नात नाव बदलतात, ते वेगळंच. फौजेत लग्नाची नोंद होते ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने. ती निघाली तेव्हा जवान बहुधा जम्मूला नाहीतर आसामात असतो आणि बायकोचं नाव त्याने आठवेल तसं सांगितलेलं असतं. तेच नाव पुढे पीपीओवर चढतं.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आईच्या एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर भलतीच तारीख असेल, तर आज कोणाला खटकणार नाही. पण फॅमिली पेन्शनला ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. ती वाढ जन्मतारखेवर बसते. आई ऐंशीची झाल्यावर तुम्ही पुराव्यासाठी पळणार, तेव्हा शाळाही बंद पडलेली असेल. आत्ताच एक करून घ्या.

माझ्याकडे एक आजी यायच्या. पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. एका कार्यालयाने सांगितलं प्रतिज्ञापत्र आणा. ते आणलं तर दुसऱ्याने सांगितलं पेपरात जाहिरात द्या. जाहिरात झाली तर तिसऱ्याने सांगितलं की हे आधी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला, जाऊ द्या. चौदा महिने गेले. दर खेपेला आजी घरून भाकरी बांधून आणायच्या आणि बाहेर झाडाखाली बसून खायच्या. मला ते बघवायचं नाही. शेवटी उलट्या टोकाने सुरुवात केली. पीपीओवरचं नाव मूळ धरलं आणि आधार, पॅन, बँक या तिन्ही जागी त्या नावाप्रमाणे दुरुस्ती करून घेतली. पाच आठवड्यांत काम झालं. तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतो. फरक एखाद्या अक्षराचा किंवा 'बाई'चा असेल तर आधार बदला, पीपीओच्या मागे लागू नका. नाव समूळ वेगळं असेल तेव्हाच प्रतिज्ञापत्र, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असा दाखला आणि रेकॉर्ड ऑफिसची वाट धरा.

तुमच्यासाठी रेकॉर्ड ऑफिस म्हणजे तोफखान्याचं, नाशिक रोड कॅम्पचं. इतरांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दळाचं अहिल्यानगरला, ईएमईचं (यंत्र-दुरुस्ती दळाचं) सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्र लिहाल त्यात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव आणि पेन्शनवर आल्याची तारीख पहिल्या ओळीत लिहा. नंबर नसलेलं पत्र म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

कागद जुळले की पुढचं काम दोन ठिकाणी चालतं. एक, सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जुनी माणसं अजून त्याला 'सैनिक बोर्ड'च म्हणतात. दुसरं, 'स्पर्श' ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. पूर्वी पेन्शन बँक वाटायची, आता प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून स्पर्शमार्फत थेट खात्यात येते. त्यामुळे बँकेच्या काउंटरवर जाऊन "साहेब, आईच्या नावावर करा" म्हणण्यात आता अर्थ उरलेला नाही. स्पर्शवर वडिलांच्या मृत्यूची नोंद करायची, दाखला चढवायचा आणि मग आईची फॅमिली पेन्शन सुरू होते. घरी कोणाला जमत नसेल तर सीएससी केंद्रात आणि काही बँक शाखांत स्पर्शची सेवा केंद्रं आहेत. वडिलांचा स्पर्शचा पासवर्ड तुम्हाला माहीत असला तरी त्यांच्या लॉगिनमधून काही 'दुरुस्त' करायला जाऊ नका. मेलेल्या माणसाने अर्ज केला असं दिसतं आणि प्रकरण अडकतं. हसू नका, मी पाहिलंय.

आईला किती मिळेल? साधी फॅमिली पेन्शन हिशेबी वेतनाच्या ३० टक्के असते. हिशेबी वेतन म्हणजे शेवटचा मूळ पगार, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून येणारी रक्कम. पण सुरुवातीला वाढीव दराने ५० टक्के मिळते. पेन्शनर वारल्यावर हा वाढीव दर ७ वर्षं चालतो, किंवा ते हयात असते तर ज्या दिवशी ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. वडील ५६ व्या वर्षी गेले, सात वर्षं मिळवली तर ६३, म्हणून आईला पूर्ण ७ वर्षं वाढीव दर मिळायला हवा. समजा हिशेबी वेतन ३०,००० रुपये धरलं, तर आधी १५,००० आणि नंतर ९,०००, वर महागाई सवलत वेगळी. मूळ फॅमिली पेन्शन ९,००० च्या खाली जात नाही. प्रत्यक्ष आकडा 'एक हुद्दा एक पेन्शन'च्या तक्त्यावरून बसेल. ती योजना १ जुलै २०१४ पासून लागू आहे, दर पाच वर्षांनी फेर धरते आणि शेवटचा फेर १ जुलै २०२४ चा आहे. पहिली रक्कम जमा झाली की ती वाढीव दराने आली का साध्या दराने, हे तपासा. चूक इथेच होते आणि ती बाईला कळत नाही, कारण तिला आधीचा आकडाच माहीत नसतो.

आणखी एक भीती घराघरांत असते. वडिलांनी निवृत्तीच्या वेळी पेन्शन विकली असेल, म्हणजे कम्युट केली असेल, तर ती कपात आईच्या पेन्शनमधून होत राहील असं लोक समजतात. तसं नाही. कम्युटेशनचा भार फॅमिली पेन्शनवर पडत नाही.

आता तुमच्या पत्रात जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट. आर्मी ग्रुप इन्शुरन्स. जवान पेन्शनवर येताना त्याच्या पैशातून एकरकमी हप्ता कापून त्याला निवृत्तीनंतरचा वाढीव विमा दिला जातो. ठरलेल्या मुदतीत आणि ७५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत माणूस गेला, तर वारसाला एकरकमी पैसे मिळतात. वडील पेन्शनवर येऊन १६-१७ वर्षं झाली होती, वय ५६, म्हणजे ते या विम्यात असणार असं मला जवळजवळ नक्की वाटतं. त्याचं प्रमाणपत्र डिस्चार्जच्या कागदांत असतं, बहुधा कोणी न उघडलेल्या पाकिटात. शोधा. सापडलं नाही तरी दावा करता येतो, सैनिक बोर्डातून अर्ज भरून घ्या. नोकरीत असताना फौज सगळं आपसूक करते, म्हणून घरच्यांना वाटतं पेन्शनवर आल्यावरही कोणीतरी कळवेल. कोणी कळवत नाही. मी स्वतः अशी घरं पाहिलीत जिथे दहा वर्षांनी पाकीट उघडलं.

वडिलांची पेन्शन ज्या बँकेत येत होती तिथेही विचारून ठेवा. बऱ्याच बँकांच्या संरक्षण पेन्शन खात्यांना अपघात विमा जोडलेला असतो. तुमच्या बाबतीत मृत्यू नैसर्गिक आहे म्हणून तो लागू नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाचा माणूस मोटारसायकलवरून जाताना गेला असेल तर त्याने एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी.

दवाखान्याकडे येतो. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली आणि त्यानंतर पेन्शनवर आलेल्यांना ती सक्तीची आहे. म्हणजे वडील सभासद होतेच, हप्ता त्यांच्याकडून कापला गेलेला आहे. आईला नव्याने पैसे भरायचे नाहीत. फक्त वडिलांचं कार्ड परत करून आईच्या नावाने, ती मुख्य लाभार्थी म्हणून, कार्ड काढायचं. बहीण लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत आईच्या कार्डावर राहते. तुम्ही कमावते झालात त्या दिवशीच त्यातून बाहेर पडलात, तेव्हा तुमचं कार्ड चालू असलं तरी ते वापरू नका.

सोलापुरात ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे. तिथे तपासणी, औषधं, आणि पुढे गरज पडली तर यादीवरच्या खासगी रुग्णालयासाठी किंवा पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसाठी रेफरल मिळतं. रेफरल घेऊन गेलं तर यादीवरच्या रुग्णालयात बिनपैशाचे उपचार होतात. गोंधळ होतो तो रात्री-बेरात्री. आईच्या छातीत दुखायला लागलं तर रेफरलची वाट बघायची नाही. यादीवरचं रुग्णालय जवळ असेल तर तिथेच न्या, कार्ड दाखवा, तातडीचं प्रकरण म्हणून पुढचं तेच कळवतात. यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलंच पाहिजे. ते नाही झालं तर बिलाची परतफेड धोक्यात. घरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, पॉलिक्लिनिकचा नंबर आणि यादीवरच्या जवळच्या दोन रुग्णालयांची नावं मोठ्या अक्षरात लिहून लावा. पोरं मोबाइलमध्ये ठेवतात, आणि आजारी पडते त्या वेळी आई घरी एकटी असते.

बहिणीचं काम मात्र घाईचं आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं. अधिकाऱ्यांखालच्या हुद्द्यांवरच्या माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना, व्यावसायिक पदवी शिक्षणासाठी. मुलींना महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. मुलांना महिना २,५००. देशभरात वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या. बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर 'आत्ता कळलं' म्हणणाऱ्या मुलींना मी हात जोडून परत पाठवलंय. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण त्यासोबत लागणारा माजी सैनिकाच्या पाल्याचा दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सही-शिक्क्याचा घ्यावा लागतो. बँक खातं बहिणीच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं असू द्या. आणि तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव डिस्चार्ज बुकाप्रमाणेच आहे का? पुन्हा तेच बघा.

तिच्या प्रवेशाच्या वेळी संरक्षण कोट्याचा फॉर्म भरला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. नसेल भरला तर आता गेलं ते गेलं. पण धाकटी भावंडं, चुलत भावंडं असतील त्यांच्यासाठी लक्षात ठेवा. सातारा आणि चंद्रपूरच्या सैनिक स्कूलमध्येही सैनिक आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत.

हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून मदत वेगळी असते. वडील हवालदार होते, त्यामुळे तुम्ही त्या रेषेच्या आत आहात, अगदी काठावर. नायब सुभेदार असते तर बाहेर गेला असता. ऑक्टोबर २०२५ मध्ये यातल्या तीन रकमा दुप्पट केल्या आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवे दर लागू झाले. मुलांच्या शिक्षणाला, पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपुरते, प्रत्येकी महिना २,००० रुपये. मुलीच्या लग्नाला १ लाख, दोन मुलींपुरते. आणि तिसरी रक्कम तुमच्या चुलत्यांच्या कामाची आहे. हे पैसे ध्वजदिन निधीतून येतात. ७ डिसेंबरला शाळेत आपण छातीवर छोटा झेंडा लावून पैसे देतो ना, तोच.

तर चुलते. पेन्शन नसलेल्या, नियमित उत्पन्न नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाला निर्वाह अनुदान मिळतं. पूर्वी महिना ४,००० होतं, आता ८,०००. तुमचे चुलते ६७ चे आहेत. प्रश्न एवढाच की कायद्याच्या नजरेत ते 'माजी सैनिक' आहेत का. गणवेश घातला होता म्हणजे माजी सैनिक, असं सरळ नाही. ही व्याख्या फौज सोडल्याच्या तारखेप्रमाणे बदलते आणि १ जुलै १९८७ ही त्यातली मोठी रेषा आहे. त्या तारखेनंतर पेन्शनशिवाय, स्वतःच्या विनंतीने आलेल्याला हा दर्जा मिळत नाही. पण चुलते १९८५ ला आले. त्यांना त्या वेळचा नियम लागतो. एखाद्या खिडकीवर "पेन्शन नाही ना, मग नाही होत" असं सांगून त्यांना परत पाठवलं असेल, आणि मला वाटतं तसंच झालं असेल, तर ते उत्तर अपुरं आहे. डिस्चार्ज बुकात 'सेवामुक्तीचं कारण' असा रकाना असतो. तो वाचा आणि त्याची झेरॉक्स लावून सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. उत्तरही लेखी मागा.

कारणाच्या जागी वैद्यकीय श्रेणीचा उल्लेख निघाला तर गोष्टच बदलते. फौजेत असताना झालेल्या दुखण्यामुळे किंवा फौजेच्या नोकरीने बळावलेल्या आजारामुळे घरी पाठवलं असेल आणि वैद्यकीय मंडळाने अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलं असेल, तर अपंगत्व पेन्शनचा हक्क उभा राहतो. इतक्या वर्षांनी? हो, इतक्या वर्षांनीसुद्धा लोकांनी मिळवली आहे. रेकॉर्ड ऑफिसने नाकारलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. तिथपर्यंत जायची वेळ येवो न येवो, वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत मात्र आधी मागवा. चुलत्यांना एक कान कमी ऐकू येतो, तोफेजवळ होते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते तुम्हाला किरकोळ वाटलं. मला तुमच्या सगळ्या पत्रात तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली.

घरपट्टीचं सोपं आहे. राज्याने २०२० पासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने सन्मान योजना आणून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराच्या मालमत्ता करात माफी दिली आहे. आधी ती फक्त शौर्यपदकधारक आणि त्यांच्या वारसांपुरती होती. एकच घर, ते स्वतः राहतात तेच, भाड्याने दिलेलं नाही. सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला लावून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, शहरात असाल तर महापालिकेत. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आईच्या नावाने नोंद करून घ्या, नाहीतर ग्रामसेवक नमुना आठचा उतारा दाखवून 'हे घर तुमचं कुठंय' म्हणेल. या योजनेत रक्कम मोठी नाही. पण पेन्शनवर आलेल्या माणसाला गावात त्याचा मान वाटतो, म्हणून लोक फार आनंदाने हा अर्ज भरतात.

फौजी कॅन्टीनचं कार्ड आईच्या नावाने नवीन निघतं, वडिलांचं चालत नाही. आईचं ओळखपत्र आधी सैनिक बोर्डातून करा, बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

तुमच्या नोकरीबद्दल खरं सांगतो, राग मानू नका. राज्याच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० टक्के. ते स्वतः माजी सैनिकासाठी आहे, त्याच्या मुलासाठी नाही. "माजी सैनिकाचा मुलगा म्हणून जागा मिळवून देतो" असं कोणी म्हणत असेल तर तो पैसे मागायच्या तयारीत आहे. फौजेच्या भरतीत सैनिकपुत्राला थोडी सवलत असते, त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसचा नातेसंबंधाचा दाखला लागतो, पण तुमचं वय त्या रांगेतून निघून गेलंय.

दलालांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पेन्शनची 'फाइल काढून देतो' म्हणणारे लोक चहाच्या टपरीवर भेटतात. आपल्या भाषेत बोलतात, फौजी असल्याचं सांगतात, कधी खरंच असतात. पहिल्या वर्षाच्या थकबाकीतला वाटा मागतात. सैनिक बोर्डात यातल्या एकाही कामाला पैसे लागत नाहीत. फोनवर 'हयातीचा दाखला संपला, ओटीपी सांगा' म्हणणारेही वाढलेत. आईला एकच वाक्य पाठ करून घ्या: "माझा पोरगा आल्यावर बोला." हयातीचा दाखला वर्षातून एकदा, साधारण नोव्हेंबरात, 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सोयीवर द्यायचा असतो. बोटांचे ठसे लागत नसतील, आणि ज्वारी काढून काढून आपल्या बायकांच्या बोटांवर ठसे उरतच नाहीत, तर मोबाइलवर चेहरा दाखवून करायची सोय आहे.

सोलापूरला याल तेव्हा मोहोळहून सकाळची पहिली एसटी धरा आणि आईला सोबत आणा, सही लागते. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आईचे पासपोर्ट आकाराचे फोटो, पासबुक, रद्द केलेला चेक. चुलत्यांनाही त्याच दिवशी आणा, त्यांचं डिस्चार्ज बुक घेऊन. आणि ते पुस्तक फाटायला आलंय म्हणून गावातल्या दुकानात लॅमिनेशन करून आणू नका. त्यावर पुढे कुणालाच शिक्का मारता येत नाही.